आमसुली की मरून

पर्समध्ये सात चिंध्या घेऊन मी मरीमाताच्या खांच्यात गेले.
आमसुली, चिंतामणी, रामा, अबोली,
मोतिया, शेवाळी आणि एक राणी.
प्रत्येकीला टाचणी, टाचणीला चिठ्ठी,
चिठ्ठीवर माझ्या हातचं नाव.
लोक फोन घ्यायला आधार कार्ड नेतात.

काउंटरवर धैवत नावाचा मुलगा.
म्हणाला, बेन, पन्नास मेगापिक्सल.
म्हणाला, बॅटरी पाच हजार.
मी म्हटलं, बॅटरीच एवढ्याची?
तो हसला. मी हसू दिलं.
मग म्हटलं, जरा दाराशी ये, उजेडात.
ट्यूबलाइटखाली नवराही पारखू नये.

त्याचं असं आहे:
न्यायमंदिरामागे नटुभाईंच्या मॅचिंग सेंटरात
एकवीस वर्षं मी ब्लाउजपीस फाडते.
पूर्वी बाया साडी काखेत मारून यायच्या,
आता साडीचा फोटो येतो,
खाली लिहिलेलं, सेम टु सेम.
दिवाळीत आणंदच्या एका बाईंना
चौघी जावांसाठी चार मीटर आमसुली पाठवलं.
साड्या मरून निघाल्या.
माझ्या जुन्या फोनला दोन्ही सारखंच.
कापलेलं कापड परत आलं, पगारातून वळतं झालं.
त्याचे मी अभ्रे शिवले.
रोज रात्री त्या चुकीवर डोकं ठेवते.

पहिला फोन सोळा हजार नऊशे नव्व्याण्णव.
काचेची पाठ, वेग असा
की बोट टेकायच्या आत उघडतो.
आमसुलीवर धरला.
पडद्यावर डाळिंब फुटलं.
चिंतामणी इतकी निळी
की तसली साडी अजून कुणी विणलेली नाही.
धैवत म्हणाला, कलर तो जुओ, केवो मस्त आवे छे!
येतो रे. तीच तर तक्रार आहे.

मग त्याने कॅमेरा उलटा करून माझ्यावर धरला.
मीच होते. फक्त दोन छटा उजळ,
हनुवटीचा इस्त्रीचा डाग गेलेला.
आणि आठवली सत्त्याण्णव सालची दुपार,
दांडिया बाजारात बाहेरच्या खोलीत पाहुणे,
आणि मोरीपाशी आई माझ्या मानेला
घाईघाईने पावडर फासत म्हणतेय,
गव्हाळ दिसलीस की पुरे.
ते लोक सेवखमणी खाऊन गेले.
साडीच्या काठाला लागलेली पावडर
मी दुसऱ्या दिवशी दोनदा धुतली.

बंद कर हे, म्हटलं.
त्याने ब्यूटी शून्यावर आणली.
शून्यावरही थोडी होतीच.

दुसरा तेरा हजार चारशे.
प्लास्टिकची पाठ, खोक्यात चार्जर नाही,
पडदा सरकवला की विचार करून सरकतो,
पगाराच्या दिवशी नटुभाई उठतात तसा.
रात्रीचे फोटो म्हणजे चिखल.
पण रात्री मला कापड विचारतंय कोण?
त्याला घेऊन मी थेट रस्त्यावर आले,
धैवत मागोमाग, एक डोळा फोनवर ठेवून.
वैशाखातलं ऊन. आमसुली धरली.
आमसुली आली.
वाळल्या कोकमाच्या कडेचा तो काळपट,
ज्याला पन्नास वर्षं बडोद्यात काढून
गुजरातीत मला शब्द सापडला नाही.
रामा तो रामाच. अबोली जरा फिकी, पण तीच.
आणि मोतियाला त्याने पांढरं म्हटलं नाही.
इथं मी पर्स उघडली.

सहा हप्ते, शून्य व्याज.
फाइल चार्ज दोनशे एकोणपन्नास,
तो धैवतने सही झाल्यावर सांगितला.

आता कुणी विचारलं तर सांगते, घेण्यासारखा आहे.
गेम खेळायचे असतील तर नका घेऊ.
जिना उतरताना हातातून सुटला एकदा, काही झालं नाही.
दुपारी बारा ते तीन खरं बोलतो.
फक्त राणीवर त्याच्या भरवशावर राहू नका.
राणी समोर आली की आधी गुलाबी होतो,
मग जांभळा, मग नुसताच अंधुक,
फोकस शोधत राहतो बापडा.
तेवढ्या एका रंगासाठी मी अजून कळवते,
साडी घेऊन या.